दातांचा दाखला

बैलबाजारात गेलेला शेतकरी बैलाचे वय मालकाला विचारीत बसत नाही. विचारले तरी मालकाच्या उत्तरावर त्याचा भरवसा नसतो. तो सरळ पुढे होतो, बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढतो आणि दात पाहतो. दुधाचेच दात असले तर म्हणतो आदत, पक्क्या दातांची एक जोडी आली असली तर दुसा, दोन जोड्या आल्या असल्या तर चौसा. आणि चारही जोड्या पुऱ्या झाल्या की बैल ‘जुळला’. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती कठीण हिरडी असते. म्हणून खालचे आठ दात पाहिले की काम भागते. अक्षरओळख नसलेला माणूसदेखील हे पुस्तक बिनचूक वाचतो.

आता प्रश्न असा की, बैलाच्या दातांवरून जर वय कळते, तर माणसाच्या दातांवरून का कळू नये? कळते. आणि कळते म्हणूनच गेल्या दोनशे वर्षांत सरकारने, कारखानदारांनी, डॉक्टरांनी आणि न्यायालयांनी लहान मुलांची तोंडे उघडून पाहिली आहेत. त्या पाहण्यावर कोणा मुलाचा कामाचा तास ठरला, कोणा मुलीच्या लग्नाचा वाद ठरला. दातांचे प्रकार आणि त्यांची कामे ही गोष्ट शाळेत आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो. आज तीच गोष्ट इतिहासाच्या तासाला शिकू.

प्रथम दातांची ओळख करून घेऊ. माणसाला दात दोनदा येतात. पहिले दुधाचे. ते साधारण सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात आणि अडीच वर्षांच्या सुमाराला पुरे होतात. त्यांची संख्या २०. नंतरचे कायमचे, म्हणजे पक्के दात. त्यांची संख्या ३२. या ३२ दातांत चार जाती आहेत आणि प्रत्येक जातीला आपापले काम वाटून दिलेले आहे.

समोरचे आठ, चार वर आणि चार खाली, हे पटाशीचे दात. सुताराच्या पटाशीसारखी त्यांची धार सरळ आणि पातळ असते. पेरूचा घास तोडायचा, भाकरीचा तुकडा तोडायचा, उसाचे साल ओढायचे, हे त्यांचे काम. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक असे चार सुळे. ते टोकदार असतात आणि त्यांची मुळे खोल गेलेली असतात. मांस फाडणे, चिवट पदार्थ धरून ओढणे हे सुळ्यांचे काम. वाघाकुत्र्याचे सुळे पाहिले म्हणजे या दाताचा मूळ धंदा कळतो. माणसात ते आखूड झाले आहेत. सुळ्यांच्या मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन अशा आठ उपदाढा. त्यांना माथ्यावर बहुधा दोन उंचवटे असतात. त्या घास चिरडतात. आणि सर्वांत मागे बारा दाढा. त्या म्हणजे घरातले जाते. रुंद माथा, चार-पाच उंचवटे, खाली दोन-तीन मुळे. भाताचे शीत असो, नाचणीची भाकरी असो, की सुकट असो, त्याचे पीठ करून लाळेत मिसळून देणे हे दाढांचे काम. लहान मुलाला मात्र उपदाढा नसतात. त्याच्या २० दातांत आठ पटाशीचे, चार सुळे आणि आठ दुधाच्या दाढा असतात. या दुधाच्या दाढा पडतात तेव्हा त्यांच्या जागी उपदाढा येतात.

दातांचे आणखी एक काम आहे, ते आपण विसरतो. ते बोलण्याचे. त, थ, द, ध, न या अक्षरांना आपल्या व्याकरणकारांनी ‘दंत्य’ म्हटले, कारण जीभ दातांना टेकल्याशिवाय ती उमटत नाहीत. आपल्या मराठीत तर ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चमचा’मधला वेगळा. या दुसऱ्या ‘च’ला जीभ दातांजवळ न्यावी लागते. पहिलीच्या वर्गात समोरचे दात पडलेले मूल ‘साखर’ म्हणताना फसफसते, तेव्हा शिक्षकांनी रागावू नये. उच्चार चुकलेला नाही. उच्चाराचे हत्यारच तात्पुरते हरवले आहे.

आता या दातांचे वेळापत्रक पाहू, कारण आपला पुढचा सगळा इतिहास या वेळापत्रकावर उभा आहे. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दातांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. सहा ते नऊ या वयात समोरचे पटाशीचे दात बदलतात. नऊ ते बारा या वयात सुळे आणि दुधाच्या दाढा बदलतात. बाराव्या वर्षाच्या सुमाराला दुसरी पक्की दाढ येते. मग दात गप्प बसतात. सतराव्या वर्षानंतर, कधी विसाव्या, कधी पंचविसाव्या वर्षी तिसरी दाढ येते, तिला आपण अक्कलदाढ म्हणतो. ती काहींना येतच नाही. हे सारे ‘सुमाराला’ आहे, हे ध्यानात ठेवा. मुलींचे पक्के दात मुलांपेक्षा थोडे आधी येतात. एकाच घरातल्या दोन भावांतही काही महिन्यांचा फरक पडतो.

आपल्या पूर्वजांनी या गोष्टींकडे लक्ष दिले होते. संस्कृतात दाताला ‘द्विज’ म्हणतात, म्हणजे दोनदा जन्मलेला. बालरोगांवरील आपला जुना ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. त्याची पोथी नेपाळात सापडली. त्यात दातांच्या जन्मावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. समोरच्या वरच्या दोन दातांना त्यात ‘राजदंत’ म्हटले आहे, सुळ्यांना ‘दंष्ट्रा’ म्हटले आहे. एकूण दात ३२, त्यांपैकी आठ एकदाच येतात आणि बाकीचे दोनदा, असे तो ग्रंथ सांगतो. आजच्या मोजणीप्रमाणे एकदाच येणाऱ्या दाढा बारा आणि दोनदा येणारे दात वीस. आकडा थोडा वेगळा आहे, पण काही दात दोनदा येतात आणि काही एकदाच येतात, हा महत्त्वाचा भेद त्या वैद्यांनी ओळखला होता. तिकडे ग्रीस देशात अॅरिस्टॉटलसारख्या थोर पंडिताने बायकांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात असे लिहून ठेवले. मोजून पाहिले असते तर लिहिले नसते. युरोपात दातांना आजची शास्त्रीय नावे रूढ करणारा ग्रंथ जॉन हंटर या स्कॉटिश शस्त्रवैद्याने १७७१ साली प्रसिद्ध केला.

दात हा पुरावा म्हणून किती टिकाऊ असतो याचे उदाहरण पुणे जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक हंगाम उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्या कामातली मोठी नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. हे लोक बार्ली पिकवीत, गुरे पाळीत, शिकार करीत. मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरीत. मोठ्या माणसाला पुरताना घोट्यापासून पाय तोडलेले दिसतात. लहान मुलाला मात्र दोन मोठ्या मडक्यांत ठेवीत आणि मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडीत. अशी दोनशेहून अधिक दफने तेथे मिळाली आणि त्यांत बहुसंख्य लहान मुलांची आहेत.

आता सांगा, तीन हजार वर्षांपूर्वी मडक्यात निजवलेल्या त्या मुलाचे वय कोण सांगणार? आई नाही, बाप नाही, पाटी नाही, पोथी नाही. ते वय दात सांगतात. मुलाच्या जबड्यात दुधाचे दात उगवत असतानाच आत पक्क्या दातांचे अंकुर तयार होत असतात. पहिल्या पक्क्या दाढेचा माथा तर जन्माच्या सुमारासच बनू लागतो. कोणता दात बाहेर आला, कोणता आत किती बनला, हे पाहून अभ्यासक मुलाचे वय काही महिन्यांच्या अंतराने सांगू शकतात. मूल जितके लहान, तितके हे अनुमान नेमके. दाताच्या वरचे कवच, ज्याला दंतवल्क म्हणतात, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. हाड झिजते, मोडते, पुन्हा भरून येते. दंतवल्क एकदा बनले की पुन्हा बनत नाही. म्हणून लहानपणी मोठा आजार झाला किंवा उपासमार झाली, तर बनत्या दातावर खाच राहते आणि ती मरेपर्यंत, नव्हे मेल्यानंतरही, पुसली जात नाही. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतील जॉन लुकाच यांनी इनामगावच्या दातांचा बारकाईने अभ्यास केला. कीड किती, झीज किती, खाचा किती, हे पाहून त्यांनी त्या गावाच्या अन्नाचा आणि आजाराचा मागोवा घेतला. ज्या मुलांना आपले नावही कोणाला सांगता आले नसेल, त्यांची साक्ष त्यांच्या दातांनी दिली.

मेलेल्या मुलांच्या दातांवरून आता जिवंत मुलांच्या दातांकडे येऊ. इंग्लंडमध्ये यंत्रांचे युग आले आणि सूतगिरण्यांत लहान मुले कामाला लागली. १८३३ साली पार्लमेंटने कायदा केला. नऊ वर्षांखालील मूल गिरणीत घ्यायचे नाही आणि नऊ ते तेरा या वयाच्या मुलांना आठवड्याला ४८ तासांहून अधिक राबवायचे नाही. कायदा चांगला. पण मूल नऊ वर्षांचे आहे की सात, हे कसे ठरवायचे? इंग्लंडात सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली ती १८३७ साली. तोवर डॉक्टर मुलाची उंची आणि एकूण रूप पाहून दाखला देत. उंच वाढलेले पोर कामाला जाई आणि मोठे पण खुजे राहिलेले मागे राही. गरीब आईबाप आणि गिरणीमालक, दोघांनाही पोराचे वय वाढवून सांगण्यात फायदा होता.

तेव्हा १८३७ साली एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने एक पुस्तिका पार्लमेंटपुढे ठेवली. त्याने हजारांहून अधिक मुलांचे दात तपासले होते. त्याचे म्हणणे असे की, वय ओळखण्यासाठी उंचीपेक्षा दात अधिक विश्वासाचे आहेत. उंची अन्नावर अवलंबून असते; दातांचे वेळापत्रक त्या मानाने फारसे ढळत नाही. पुढे हाच सॉन्डर्स व्हिक्टोरिया राणीचा दंतवैद्य झाला आणि १८८३ मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. बैलबाजारातली युक्ती अशा रीतीने पार्लमेंटात पोचली.

मुंबईतही तोच प्रसंग उभा राहिला. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. मग गिरण्या वाढत गेल्या, आणि कोकणातून व घाटावरून माणसे मुंबईला येऊ लागली. माणसांबरोबर पोरेही आली. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी गिरण्यांतील मुलांसाठी कायदा व्हावा म्हणून खटपट केली. १८८१ मध्ये हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मूल कामावर घ्यायचे नाही, आणि सात ते बारा या वयाच्या मुलाला दिवसाला नऊ तासांहून अधिक राबवायचे नाही, असे त्यात ठरले. सात वर्षांचे मूल नऊ तास! आज ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या वेळी हीच सुधारणा होती.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झाल्यास भरपाई, अशा त्यांच्या मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, फॅक्टरी कायदा सुधारला. मुलाच्या कामाचे किमान वय नऊ झाले, नऊ ते चौदा हे ‘मूल’ ठरले आणि त्याचे काम सात तासांवर आले.

इथे एक गंमत पाहा. १८९१ सालचा हा फॅक्टरी सुधारणा कायदा त्या वर्षीचा अकरावा कायदा होता. त्याच्या अगदी आधीचा, दहावा कायदा कोणता? तर संमतिवयाचा. बेहरामजी मलबारी यांनी चळवळ केली, आगरकरांनी पाठिंबा दिला, टिळकांनी विरोध केला, आणि महाराष्ट्र ज्यावरून दुभंगला तोच कायदा. त्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा केले. म्हणजे एकामागून एक असे दोन कायदे झाले. एक गिरणीतल्या मुलासाठी, एक घरातल्या मुलीसाठी. दोन्ही उभे होते वयाच्या आकड्यावर. आणि ज्या देशात हे कायदे झाले तिथे बहुसंख्य लोकांना आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती. वादविवाद झाले ते आकडा दहा असावा की बारा यावर. तो आकडा मोजायचा कसा, याची चिंता शेवटी डॉक्टरांच्या टेबलावर येऊन पडली. आणि डॉक्टर म्हणाला, ‘आ कर’.

बाराव्या वर्षाच्या सुमाराला दुसरी दाढ येते हे आपण पाहिले. त्यामुळे सात आणि बारा हे आकडे होते तोवर दात बऱ्यापैकी साक्ष देत होते. सहाची दाढ आहे का, बाराची दाढ आहे का, एवढे पाहायचे. पण १८९१ नंतर गिरणीतल्या मुलाची मर्यादा चौदा झाली. चौदाव्या वर्षी कोणता दात येतो? कोणताच नाही. तेराव्या वर्षाच्या मुलाच्या तोंडात बहुधा २८ दात असतात आणि सोळाव्या वर्षाच्या मुलाच्या तोंडातही २८च असतात. कायद्याने रेघ ओढली ती नेमकी दात गप्प असतात त्या जागी. १९०८ च्या फॅक्टरी आयोगाला कायद्याने ठरवलेल्या वयापेक्षा लहान मुले कामावर आढळली. सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत राबणारी मुलेही आढळली. १९११ च्या कायद्याने मुलासाठी वयाचा दाखला आवश्यक केला आणि कापडगिरण्यांत त्याचे काम सहा तासांवर आणले. १९२२ मध्ये किमान वय बारा झाले. १९४८ च्या कायद्याने ते चौदा केले.

पुढे जयसिंग मोदी यांचा न्यायवैद्यकावरील ग्रंथ १९२० मध्ये निघाला. आपल्याकडच्या डॉक्टर-वकिलांच्या पिढ्या त्यावर पोसल्या. त्यातही वय ठरवण्याच्या कामात दातांना मानाचे स्थान आहे. क्ष-किरण आल्यावर दाताचे मूळ किती पुरे झाले हेही दिसू लागले आणि गप्प दातही थोडे बोलू लागले. पण अठराव्या वर्षाजवळ आलेल्या मुलाच्या बाबतीत या तपासणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. अठरा हा आकडा आज मतदानाला लागतो, मुलीच्या लग्नाला लागतो, गुन्ह्याच्या खटल्यात लागतो. आणि त्या वयाला तोंडात काय असते, तर अक्कलदाढ, जिच्या येण्याजाण्याचा काही नेम नाही. म्हणून २०१५ च्या बालन्याय कायद्याने क्रम लावून दिला आहे. वयासाठी आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र पाहायचे. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला. आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची वा अन्य वैद्यकीय तपासणी. दाताची साक्ष शेवटी. कागदाची साक्ष आधी.

आता या सगळ्याचा बेटेगावाशी संबंध काय, असे कोणी विचारील. बेटेगाव पालघर तालुक्यात, बोईसरजवळ. एका अंगाला तारापूरची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला आदिवासी पाडे. या भागात जुन्या माणसाला वय विचारले तर साल सांगत नाही, प्रसंग सांगतो. ‘पालघरला गोळीबार झाला तेव्हा मी अंगावर पीत होतो,’ म्हणजे १९४२. ‘तारापूरची अणुभट्टी चालू झाली तेव्हा गुरे राखीत होतो,’ म्हणजे १९६९. ही गणना खोटी नाही. गावाच्या आठवणीत ती पक्की असते. पण पेन्शनच्या अर्जावर ती चालत नाही. जन्म-मृत्यूची नोंद सक्तीची करणारा देशभरचा कायदा १९६९ सालीच झाला. तरी पाड्यावर घरीच बाळंतपण झाले, नोंद करायची राहून गेली, असे पुष्कळ काळ चालले.

मग वय लिहिले कोणी? शिक्षकांनी. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या शाळेचे दाखलखारीज रजिस्टर उघडा. १ जून, १ जून, १ जून. वर्गातली निम्मी मुले एकाच दिवशी जन्मलेली! शाळा जूनमध्ये उघडते. आईबापाला तारीख माहीत नसते. गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावीत. हात पोचला तर सहा वर्षे पुरी झाली, असे समजून १ जून लिहून टाकीत. काही गुरुजी दातही पाहत. समोरचा दात पडला आहे ना, मग घ्या पहिलीत. या गुरुजींना हसू नये. त्यांनी नाव लिहिले म्हणून ते पोर शाळेत आले. आजही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. त्या कायद्याची मर्यादा सहा ते चौदा. म्हणजे पहिली पक्की दाढ आल्यापासून दुसरी येऊन स्थिर होईपर्यंतचा काळ. निसर्गाने ज्या वर्षांत माणसाचे तोंड घडवायचे ठरवले, त्याच वर्षांत आपण त्याचे मन घडवायचे ठरवले आहे.

पण त्या रजिस्टरातल्या एका तारखेचे वजन किती, हे आपण इतिहासात पाहिले. ती तारीख पुढे नोकरीत चालते, निवृत्तीत चालते, न्यायालयात चालते. एखाद्या मुलीचे लग्न घाईने उरकायचे ठरले, तर ते थांबवायला तीच तारीख उपयोगी पडते. वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेल्या मुलाला कोणी ‘हा चौदाचा आहे’ म्हणून कामाला लावले, तर तीच तारीख त्याच्या बाजूने उभी राहते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, मतदारयादी, विवाहनोंदणी अशा अनेक कामांसाठी पुरावा ठरला आहे. तेव्हा मूल जन्मले की एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करा. राहून गेली असेल तर उशिराने का होईना, पण करून घ्या. गुजरातेत किंवा भिवंडीकडे कामाला जाण्यापूर्वी तो कागद हाती घ्या. मुलाच्या वयाला आज कागदाचा आधार देणे शक्य आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणीतल्या पोराला तो नव्हता. त्याच्याजवळ फक्त तोंड होते, आणि तेही दुसऱ्याने उघडायचे.

कागदाची ही गोष्ट झाली, आता दातांचीही एक गोष्ट सांगून संपवतो. सहाव्या वर्षी येणारी ती पहिली पक्की दाढ फार गुपचूप येते. ती कोणत्याही दाताच्या जागी येत नाही, सगळ्यांच्या मागे येते. दात पडत नाही, रक्त येत नाही, कोणी कौलांवर दात फेकत नाही. म्हणून घरच्यांना वाटते, हीदेखील दुधाचीच. तिला कीड लागली तर म्हणतात, ‘पडेल आणि दुसरी येईल.’ ती पडली तर दुसरी येत नाही. ती एकदाच येणाऱ्या बारांपैकी आहे. साठ-सत्तर वर्षे दळण तिलाच दळायचे आहे. शिक्षकांनी पहिली-दुसरीच्या मुलांना महिन्यातून एकदा उजेडात उभे करून ही दाढ पाहावी. त्यावर काळा डाग दिसला तर आईबापांना सांगावे आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवावे. आणि घरातली मिश्री मुलांच्या हाताला लागू देऊ नये. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासून १९७२ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, तो तोंडाच्या कर्करोगाचा आणि त्याच्या पूर्वखुणांचा होता. तंबाखू आणि तोंडाचे वैर त्यातून स्पष्ट झाले. दात घासायला मिश्री लागत नाही. बाभळीचे, कडुनिंबाचे दातवण चालते, साधा ब्रश चालतो.

दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणीतला पहिला अर्धा भाग गरिबीचा आहे आणि दुसरा निष्काळजीपणाचा. पहिल्यावर उपाय सोपा नाही, त्याला समाजाने हात लावला पाहिजे. दुसरा मात्र आपल्या हातात आहे.